ओपन सोर्स प्रकल्पात वेगवेगळी माणसं यावीत आणि टिकावीत, यासाठी काय करायचं

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता, वापरता आणि सुधारता येतो असं सॉफ्टवेअर. असा कोड जिथे ठेवतात त्या गिटहब या साइटने २०१७ साली ओपन सोर्समधल्या लोकांची एक मोठी पाहणी केली. उत्तरं देणाऱ्यांत ९५ टक्के पुरुष निघाले आणि ३ टक्के स्त्रिया. त्याच पाहणीत ९३ टक्के लोकांनी अपुऱ्या किंवा शिळ्या डॉक्युमेंटेशनबद्दल, म्हणजे लेखी माहितीबद्दल, तक्रार केली. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचायला हवेत. ज्याला चॅटवर हळूच विचारता येईल असा मित्र प्रकल्पात आहे, त्याचं डॉक्युमेंटेशन नसलं तरी फारसं अडत नाही. ज्याला असं कोणी नाही, त्याचा प्रवास तिथेच संपतो. ओळखीवर चालणाऱ्या प्रकल्पात ओळखीचीच माणसं येतात, आणि ती बहुधा एकमेकांसारखी असतात. म्हणून खाली सांगितलेल्या प्रत्येक कामाचा हेतू एकच आहे: कोणाचीही ओळख नसताना माणसाला आत येता यावं, काम करता यावं आणि पुढे निर्णयही घेता यावेत.

आधी मोजा, पण माणसांची जात-लिंग ओळखत बसू नका

गेल्या सहा महिन्यांत ज्यांनी तुमच्या रिपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या कोडच्या साठ्यात, पहिलीच पुल रिक्वेस्ट (पीआर, म्हणजे 'माझा बदल घ्या' अशी विनंती) पाठवली त्यांची यादी काढा. गिटहबच्या एपीआयमध्ये (प्रोग्रॅमला माहिती देणाऱ्या वाटेत) 'पहिल्यांदा योगदान देणारा' असा शिक्का मिळतो, पण त्यावर विसंबू नका. पीआर मर्ज झाला, म्हणजे मूळ कोडमध्ये सामावला गेला, की तो शिक्का बदलतो, त्यामुळे मागे वळून मोजताना यशस्वी झालेली माणसं यादीतून गळतात. त्याऐवजी प्रत्येक लेखकाच्या पहिल्या पीआरची तारीख काढून तीवरून यादी बनवा.

या यादीवर तीन गोष्टी मोजा. पहिलं उत्तर यायला किती वेळ लागला, आणि उत्तर म्हणजे माणसाचं, बॉटचं नव्हे. किती पीआर मर्ज झाले, किती कारण देऊन बंद झाले आणि किती नुसतेच लटकत राहिले. आणि किती जण पुढच्या ९० दिवसांत दुसरा पीआर घेऊन परत आले. वेळेसाठी सरासरी न काढता मध्यक काढा. एक पीआर आठ महिने पडून असेल तर सरासरी बिघडते. लटकलेल्यांचा आकडा बहुतेक ठिकाणी धक्का देतो. नाही म्हणायचा कंटाळा आला की मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणारा, गप्प बसतो, आणि नवख्याला ती शांतता नकारापेक्षा जास्त लागते. व्याख्या नव्याने घडवायची गरज नाही. लिनक्स फाउंडेशनचा चेऑस हा प्रकल्प २०१७पासून नेमक्या अशाच मोजमापांच्या व्याख्या ठरवत आला आहे.

नावावरून स्त्री की पुरुष, कुठल्या देशाचा, याचा अंदाज बांधणारी साधनं वापरू नका. ती चुकतात आणि ज्यांच्या बाबतीत चुकतात त्यांना दुखावतात. माहिती हवीच असेल तर निनावी प्रश्नावली काढा. प्रत्येक प्रश्न ऐच्छिक ठेवा, 'सांगायचं नाही' हा पर्याय द्या आणि स्वतःच्या शब्दांत लिहायला जागा ठेवा. निकाल मांडताना पाचपेक्षा कमी माणसांचा गट वेगळा दाखवू नका. वीस जणांच्या प्रकल्पात 'अंध योगदानकर्ते: १' असं छापलं की प्रश्नावली निनावी राहत नाही.

पहिला तास

रिपॉझिटरी उतरवल्यापासून टेस्ट हिरव्या (म्हणजे पास) होईपर्यंत नवख्या माणसाला किती वेळ लागतो, ते कोऱ्या मशीनवर घड्याळ लावून बघा. मेंटेनरच्या लॅपटॉपवर सगळं चालतंच, कारण पाच वर्षांपूर्वी कधीतरी टाकलेली लायब्ररी तिथे पडून असते. ४ जीबी रॅमच्या जुन्या मशीनवर आणि संथ नेटवर एकदा, विंडोजवर एकदा, अशी किमान दोनदा चाचणी घ्या. जिथे अडेल तिथे एररचा मजकूर जसाच्या तसा डॉक्युमेंटेशनमध्ये टाका आणि खाली उपाय लिहा. लोक एरर कॉपी करून शोधतात. त्याचं नीटनेटकं वर्णन कोणी शोधत नाही.

कोडमधल्या बदलांचा इतिहास मोठा असेल तर उथळ क्लोनची कमांड रीडमीतच, म्हणजे प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलमध्येच, द्या. सगळा इतिहास उतरवण्याऐवजी शेवटचा कमिट (बदलाची नोंद) तेवढा आला तरी पहिल्या दुरुस्तीपुरतं भागतं. तयार कंटेनर (सगळी साधनं आधीच बसवलेलं वातावरण) देणं चांगलं, पण अनेक जीबींची इमेज हीच ज्याचा डेटा मोजून मिळतो त्याच्या वाटेतली धोंड होते. म्हणून कंटेनरची वाट आणि हाताने बसवण्याची वाट, दोन्ही चालू ठेवा आणि दोन्ही सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) तपासा. नाहीतर जी वाट मेंटेनर वापरत नाहीत ती दोन महिन्यांत मोडते. डॉक्युमेंटेशन किंवा भाषांतर बदलायला पूर्ण बिल्ड लागता कामा नये.

योगदान कसं द्यायचं ते सांगणाऱ्या कॉन्ट्रिब्यूटिंग फाइलमध्ये तांत्रिक पायऱ्या बहुतेक जण लिहितात. न लिहिलेले रिवाज मात्र आत असलेल्यांनाच ठाऊक असतात, आणि नवखा नेमका तिथेच अडखळतो. इश्यू (नोंदवलेली अडचण किंवा काम) घ्यायला परवानगी मागायची का? प्रश्न इश्यूत विचारायचा की चॅटवर? अर्धवट पीआर टाकला तर चालतो का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं: उत्तर आलं नाही तर आठवण करायची का, आणि कधी? 'सात दिवसांत उत्तर आलं नाही तर पीआरवर एक ओळ लिहून आठवण करा, आम्हाला राग येत नाही' हे एक वाक्य लिहून ठेवा. ज्याला स्वतःबद्दल खात्री असते तो न विचारता आठवण करतो. इतरांना वाटतं आपलं काम नापसंत झालं, आणि ते निघून जातात. तुम्हाला पत्ताही लागत नाही.

'गुड फर्स्ट इश्यू' लिहिणं हे वेगळं काम आहे

'गुड फर्स्ट इश्यू' म्हणजे नवख्याने पहिल्यांदा घ्यावं असं काम. नुसतं लेबल चिकटवलं की इश्यू सोपा होत नाही. हा नेहमी दिसणारा नमुना पाहा: 'तारीख निर्यातीत चुकते, दुरुस्त करा.' कोणाला कळणार? तोच इश्यू असा लिहा:

'सीएसव्ही निर्यात करताना तारीख वापरणाऱ्याच्या टाइमझोनऐवजी यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) जाते. पाहण्यासाठी: सेटिंगमध्ये यूटीसी सोडून दुसरा टाइमझोन निवडा, नमुना फाइल उघडा, निर्यात करा, तिसरा रकाना पाहा. अपेक्षित: स्क्रीनवर दिसते तीच वेळ. बदल बहुधा निर्यात फोल्डरमधल्या तारीख लिहिणाऱ्या फंक्शनमध्ये लागेल. आयात फोल्डरमध्ये हेच काम बरोबर झालं आहे, ते बघता येईल. एक टेस्ट जोडावी लागेल, शेजारची टेस्ट नमुना म्हणून वापरा. प्रोजेक्टची माहिती नसलेल्याला दोन ते चार तास. अडल्यास इथेच विचारा, दोन दिवसांत उत्तर मिळेल.'

हे लिहायला अर्धा तास जातो आणि मेंटेनर स्वतः ती दुरुस्ती दहा मिनिटांत करू शकतो, हे खरं आहे. तरीही लिहा. जुन्या सभासदांनी असे इश्यू उचलू नयेत, असा नियम करा. रविवारी दुपारी हाताला काम हवं म्हणून कोअर टीममधला कोणीतरी ते संपवतो आणि टोपली रिकामी होते. एखाद्याने इश्यू मागितला की त्याच्या नावावर करा आणि १४ दिवस हालचाल दिसली नाही तर विचारून मोकळा करा. मुदत आधीच लिहिलेली असेल तर कोणाला अपमान वाटत नाही.

संख्येचं लक्ष्य मात्र ठेवू नका. ऑक्टोबर २०२०मध्ये हॅक्टोबरफेस्ट या पीआर पाठवणाऱ्यांना बक्षीस देणाऱ्या उपक्रमाच्या टी-शर्टासाठी रीडमीत एखादा शब्द बदलणाऱ्या पीआरांचा पूर आला, मेंटेनर वैतागले आणि आयोजकांना महिना चालू असतानाच नियम बदलून, ज्या प्रकल्पांनी स्वतः होकार दिला त्यांचेच पीआर धरायला सुरुवात करावी लागली. अशा पुरात खरा नवखा सगळ्यांत आधी बुडतो, कारण थकलेला मेंटेनर सगळ्यांना एकाच मापाने मोजतो. आता यंत्राने लिहिलेल्या पीआरांमुळे तोच त्रास वर्षभर होतो. 'काय चुकत होतं आणि हा बदल ते कसं सुधारतो, ते दोन वाक्यांत स्वतः लिहा' एवढी अट पीआरच्या साच्यात टाकली की बरंच गाळलं जातं. मोडकी भाषा मात्र यंत्राची खूण समजू नका. उलट ती बहुधा माणसाची असते.

रिव्ह्यू

रिव्ह्यू म्हणजे पाठवलेला बदल तपासून त्यावर शेरे देणं. माणसं जातात ती मुख्यतः इथून.

२०१६मध्ये पुढे आलेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गिटहबवरच्या पुल रिक्वेस्टींची तुलना केली होती. एकूण पाहता स्त्रियांचे पीआर पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात स्वीकारले जात होते. पण प्रकल्पाला अनोळखी असलेल्या आणि प्रोफाइलवरून स्त्री असल्याचं कळणाऱ्यांचं प्रमाण खाली घसरत होतं. म्हणजे ओळख झाली की काम बोलतं, ओळख नसताना नाव बोलतं. यावर उपदेशापेक्षा शिस्त जास्त उपयोगी पडते: स्वीकारण्याचे निकष आधी लिहून ठेवा आणि नकार देताना त्यातला कोणता निकष बसला नाही ते सांगा.

रिव्ह्यूची पाळी लावा. दर आठवड्याला एक जण, आणि त्याचं काम एवढंच की प्रत्येक नव्या माणसाला ४८ तासांत एक मानवी उत्तर जाईल. पूर्ण रिव्ह्यू नसला तरी चालेल. 'पाहिलं, दिशा बरोबर वाटते, सविस्तर गुरुवारपर्यंत' इतकं पुरतं. आणि दिशाच मान्य नसेल तर पहिल्याच उत्तरात सांगा. तीन फेऱ्या दुरुस्त्या करून घेऊन मग 'हे फीचर आम्हाला नकोच आहे' म्हणणं हा माणसाच्या वेळेचा सरळ अपमान आहे.

रिकाम्या जागा, ओळीची लांबी, इम्पोर्टचा क्रम हे सगळं लिंटरकडे (कोडची मांडणी तपासणाऱ्या प्रोग्रॅमकडे) द्या. यंत्राने टोकलं तर माणसाला लागत नाही, आणि तेच सतरा वेळा माणसाने टोकलं तर लागतं. उरलेल्या शेऱ्यांत कोणता अडवणारा आणि कोणता ऐच्छिक, ते प्रत्येक शेऱ्याच्या सुरुवातीला लिहा. नवख्याला सगळेच शेरे हुकूम वाटतात.

भाषेचा फरक असा दिसतो. 'हे चुकीचं आहे. स्टाइल गाइड वाचा.' याऐवजी: 'अडवणारं: यादी रिकामी असेल तर इथे प्रोग्रॅम कोसळेल, कारण आपण पहिला घटक न तपासता घेतो. वरच्या फंक्शनमध्ये तपासणी कशी केली आहे पाहा, तसंच इथे चालेल. बाकी टेस्ट छान लिहिली आहे.' दुसरा शेरा लांब आहे. पण पुढच्या पीआरमध्ये ती चूक होत नाही, त्यामुळे वेळ शेवटी वाचतोच.

रिकर्स सेंटर या प्रोग्रॅमरांच्या संस्थेने स्वतःसाठी काही साधे सामाजिक नियम केले आहेत. त्यातले दोन सरळ उचलण्यासारखे आहेत. 'अरे, तुला गिट रीबेस माहीत नाही?' असं खोटं आश्चर्य दाखवायचं नाही. आणि चर्चेच्या मुद्द्याशी संबंध नसलेली बारीक चूक काढून 'खरं तर…' म्हणत मध्ये घुसायचं नाही. दोन्ही गोष्टी हवेत विरून जाणाऱ्या वाटतात, पण ऐकणारा त्यानंतर प्रश्न विचारायचं थांबवतो.

आचारसंहिता: फाइल टाकणं हे काम नव्हे

कॉन्ट्रिब्यूटर कॉव्हेनंट ही सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या संहितांपैकी एक. कोरलाइन एडा एम्के यांनी ती २०१४ साली लिहिली. लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, बनवणाऱ्या प्रकल्पाने सप्टेंबर २०१८मध्ये तीवर आधारित संहिता स्वीकारली. नवी संहिता घडवण्यात महिने घालवू नका, हीच घ्या. पण घेतल्यावर पहिलं काम करा: संपर्काची जागा भरा. कित्येक रिपॉझिटऱ्यांत 'इथे ईमेल टाका' ही साच्यातली ओळ तशीच दिसते. तक्रार करायला आलेल्या माणसाला ती ओळ दिसली की पुढचं सगळं कळतं.

तक्रारी घेणाऱ्या समितीत तीन माणसं असावीत, त्यातलं किमान एक मुख्य मेंटेनरांपैकी नसावं, आणि सगळी एकाच कंपनीतली नसावीत. संपर्कासाठी एक सामाईक पत्ता द्याच, पण प्रत्येकाचा स्वतंत्र पत्ताही द्या. तक्रार समितीतल्याच एकाविरुद्ध असेल तर सामाईक पत्ता निरुपयोगी ठरतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे किंवा ज्याचा त्या माणसाशी घरोबा आहे, त्याने त्या प्रकरणातून बाजूला व्हायचं, हे आधीच लिहून ठेवा.

तक्रार आली की ४८ तासांच्या आत पोच द्या. तक्रारदाराला विचारा: तुमचं नाव समोरच्याला कळलं तर चालेल का, आणि तुम्हाला काय झालेलं हवं आहे? पुरावा लगेच जपून ठेवा, कारण कॉमेंट पुसल्या जातात. मग निर्णय. कॉव्हेनंटच्या २.१ आवृत्तीत चार पायऱ्या आहेत: चूक दाखवून देणं, ताकीद, ठरावीक काळाची बंदी, कायमची बंदी. कोणत्या वागण्याला कोणती पायरी हे आधी ठरलेलं असलं की आवडत्या माणसासाठी वेगळा न्याय लावता येत नाही. नोंदवही ठेवा, मोजक्यांनाच दिसेल अशी. दोन वर्षांनी तोच माणूस तसाच वागला तर समितीतली माणसं बदललेली असतात.

समितीला अधिकार खरेच असायला हवेत. नोव्हेंबर २०२१मध्ये रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पातल्या, वागणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या मॉडरेशन टीमने एकत्र राजीनामा दिला. कोअर टीम स्वतःखेरीज कोणालाच उत्तर देत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यानंतर रस्टने आपली कारभाराची रचनाच नव्याने बांधली. नियम सगळ्यांना आणि वरच्यांना सूट, अशी संहिता नसलेली बरी, कारण तिच्यावर विश्वास ठेवून बोललेला माणूस उघडा पडतो.

अवघड प्रश्न येतो तो अत्यंत कामाच्या पण कडवट माणसाचा. त्याचे कमिट मोजता येतात. त्याच्यामुळे न आलेले कमिट मोजता येत नाहीत. म्हणून चर्चा नेहमी त्याच्याच बाजूने झुकते. अशा वेळी त्याच्याकडे असलेलं ज्ञान आधी लिहून काढा, त्याच्या भागाला दुसरा रिव्ह्यूअर द्या, आणि मग संहिता इतरांसारखीच लावा. एकट्यावर अवलंबून असलेला भाग तसाही प्रकल्पाला धोक्याचाच असतो.

एखादा धागा पेटला तर गिटहबवर कॉमेंट लपवणं, धागा कुलूपबंद करणं आणि नव्या लोकांच्या कॉमेंटवर २४ तासांपासून सहा महिन्यांपर्यंत मर्यादा घालणं, या तिन्ही गोष्टी करता येतात. खासगीत कारवाई केली तरी उघड्यावर एक ओळ लिहा: 'ही भाषा इथे चालत नाही.' वाचणारे शेकडो असतात. त्यांना फक्त शांतता दिसली तर ते तिला संमती समजतात.

नाव, पत्ता, वेळ

बदलांच्या नोंदी ठेवणाऱ्या गिट या साधनाच्या प्रत्येक कमिटमध्ये ईमेल कायमचा उमटतो, हे नवख्याला माहीत नसतं. ज्याच्या मागे कोणी लागलेलं आहे त्याच्यासाठी हा खरा धोका आहे. गिटहब खरा पत्ता झाकणारा पर्यायी पत्ता देतं. तो कसा लावायचा ते पहिल्या कमिटच्या आधीच्या पायरीत सांगा, नंतर नव्हे.

फॉर्ममध्ये नाव आणि आडनाव असे दोन सक्तीचे रकाने ठेवू नका; जगात असंख्य लोकांना फक्त नाव असतं, आडनाव नसतं. नाव बदललेल्यांसाठी रिपॉझिटरीत मेलमॅप फाइल ठेवता येते. तिच्यात एक ओळ घातली की गिटच्या याद्यांत जुन्या कमिटपुढे नवं नाव दिसतं, इतिहास पुन्हा लिहावा लागत नाही. मात्र त्या फाइलमध्ये जुनं नाव वा पत्ता उघडा राहू शकतो, म्हणून त्या व्यक्तीला विचारूनच करा. पाठवलेल्या बदलाखाली सही करताना 'कायदेशीर नाव' मागायची गरज नाही. लिनक्स कर्नलनेही २०२३मध्ये 'खरं नाव' ही अट काढून 'ओळखीचं नाव' असा बदल केला.

बैठकीची वेळ यूटीसीत लिहा आणि दर वेळी फिरती ठेवा, म्हणजे मध्यरात्री उठण्याचा त्रास एकाच खंडाच्या वाट्याला येत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे निर्णय बैठकीत घेऊच नका. अपाचे या ओपन सोर्स संस्थेच्या प्रकल्पांत प्रस्ताव लेखी मांडून किमान ७२ तास थांबायची पद्धत आहे. वेगळ्या टाइमझोनमधला, सुट्टीवर असलेला, इंग्रजी हळू वाचणारा आणि बैठकीत तोंड न उघडणारा, या चौघांनाही तेवढ्यात मत देता येतं.

वेबसाइटवर साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी रंगफरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५:१ ठेवा. एररचा स्क्रीनशॉट न टाकता मजकूर टाकायला सांगा, कारण स्क्रीन रीडर चित्रातली अक्षरं खात्रीने वाचत नाही. व्हिडिओला कॅप्शन द्या, म्हणजे बोललेलं खाली लिहून दाखवा. एवढं तर कराच.

फुकटचा वेळ सगळ्यांकडे नसतो

रात्री दोन तास कोड लिहिण्याची चैन ज्याच्या घरी स्वयंपाक आणि मुलं दुसरं कोणी बघतं, त्याला परवडते. म्हणून पैसे देणारे कार्यक्रम खरंच फरक पाडतात. नोम (GNOME) या लिनक्सवरचा डेस्कटॉप बनवणाऱ्या प्रकल्पाने २००६ साली स्त्रियांसाठी सुरू केलेल्या उपक्रमातून पुढे आउटरीची हा मानधन देणारा इंटर्नशिपचा कार्यक्रम उभा राहिला. वर्षातून दोन फेऱ्या, सुमारे तीन महिन्यांचं घरून काम आणि ७००० डॉलर मानधन. त्यात भाग घ्यायचा तर प्रत्येक उमेदवारामागे दोन मार्गदर्शक ठेवा, एकाने आठवड्याला किमान पाच तास मोकळे काढा आणि अर्जाच्या काळात एकदम तीस जण येतील हे गृहीत धरून छोटी कामं आधीच लिहून ठेवा. त्या काळात उत्तरं वेळेवर गेली नाहीत तर नाव मिळण्याऐवजी बदनामी पदरी पडते.

परिषदेला माणूस बोलवायचा असेल तर तिकीट आणि हॉटेल तुम्ही काढा. 'आधी खर्च करा, नंतर परत देऊ' म्हटलं की ज्याच्याकडे क्रेडिट कार्ड नाही तो गुपचूप नकार देतो. व्हिसाचं पत्र तीन महिने आधी द्या.

आणखी एक. संघात एकच स्त्री असेल तर विविधतेची समिती, नवख्यांचं स्वागत आणि परिषदेतलं पॅनेल हे सगळं तिच्याच गळ्यात पडतं, आणि तिचे कमिट घटले की 'तांत्रिक योगदान कमी' असा शेरा मिळतो. हे काम वाटून घ्या आणि ते योगदान म्हणून मोजा.

किल्ल्या कोणाकडे

पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा १९९१ सालची. तिच्या कोअर डेव्हलपरांत, म्हणजे मूळ कोड बदलण्याचा अधिकार असलेल्यांत, पहिली स्त्री २०१७ साली आली, आणि त्यासाठी भाषेचे जनक गुइडो व्हान रॉसम यांनी स्वतः मार्गदर्शन केलं होतं. सव्वीस वर्षं दार बंद नव्हतं. आत कसं जायचं ते बाहेरच्याला सहज कळत नव्हतं, इतकंच.

मर्ज करण्याचा अधिकार कसा मिळतो ते लिहून ठेवा. 'योग्य वाटेल तेव्हा बोलावू' ही पद्धत ठेवली की बोलावणं गप्पांतल्या मित्रांना जातं. पायऱ्या लहान करा: आधी ट्रायाज, म्हणजे लेबल लावणं आणि इश्यू बंद करणं, मग रिव्ह्यूला ग्राह्य मत, मग मर्ज. गिटहबच्या ऑर्गनायझेशनमध्ये ट्रायाजचा अधिकार वेगळा देता येतो, कोडला हात न लावू देता. प्रत्येक पायरीची अट आकड्यात लिहा, उदाहरणार्थ तीन महिन्यांत दहा उपयोगी रिव्ह्यू आणि दोन मेंटेनरांची संमती. डॉक्युमेंटेशन, भाषांतर आणि चाचणी करणाऱ्यांनाही याच वाटेने वर येता यावं. दर तीन महिन्यांनी यादी बघून जे अटी पूर्ण करतात त्यांना तुम्हीच विचारा, अर्जाची वाट पाहू नका. पात्र असूनही 'अजून तयार नाही' म्हणत मागे राहणारे पुष्कळ असतात.

खुर्ची रिकामी करण्याचाही नियम लागतो. बारा महिने ज्याने रिव्ह्यू केला नाही त्याचं नाव मानाने 'माजी मेंटेनर' यादीत हलवा, अधिकार काढून घ्या आणि परत यायचं असेल तर एक ईमेल पुरेल असं लिहा. सुरक्षेच्या दृष्टीनेही न वापरलेल्या किल्ल्या फिरत राहणं बरं नव्हे.